जोडलेल्या हातांची ताडपत्री

माझ्या फोनमध्ये ‘नवल’ नावाचा एक फोल्डर आहे. त्यात आमच्या भागातल्या चित्रविचित्र गोष्टींचे फोटो आहेत. एका बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. बैलाच्या डोळ्यांवर गॉगल चिकटवलेला आणि खाली शुभेच्छुक म्हणून त्याच गोठ्यातल्या दोन म्हशी आणि एक वासरू. एका घरावरची ट्रॅक्टरच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. एका सलूनवाल्यानं जुन्या सीड्या वितळवून आरशाभोवती केलेली फुलं आहेत. एका फाट्यावर गावाचं नाव आणि पुढे लाल बदाम अशी सेल्फीसाठी उभी केलेली अक्षरं आहेत. त्यातला बदाम वावटळीत पडला, आणि त्या रिकाम्या जागेत आता एसटीची वाट बघणारी माणसं बसतात.

मी चित्रकलेची शिक्षिका. दिंद्रुडजवळच्या एका शाळेत आयुष्य गेलं. हे फोटो काढायला लागले ते काही फार रसिक होते म्हणून नाही. कंटाळले होते. चित्रकलेचा तास हा आमच्याकडे गणिताच्या सरांना उसना द्यायचा तास. बाकी वेळ माहिती भरायची. खिचडीचा फोटो पाठवा, झाडाचा फोटो पाठवा, झाडाशेजारी मुलं उभी करून पुन्हा पाठवा. दिवसभर कुणीतरी मागितलेले फोटो काढून काढून एकदा वाटलं, एखादा फोटो कुणीच न मागितलेला काढावा. तो बैलाचा होता. माझ्या भाचीनं मग मला इंटरनेटवर एक पान काढून दिलं. तिथं मी ते टाकायला लागले. लोक हसायचे, लाल बदाम पाठवायचे. संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावता लावता ते बघायचं, एवढाच माझा विरंगुळा.

शाळा सुरू झाल्या झाल्या शाळाबाह्य मुलांची पाहणी आली. दरवर्षी येते. ऊसतोडीला जाऊन आलेल्या घरांतली मुलं शोधायची, नावं लिहायची. मला वस्तीवरची घरं दिली होती. ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं आणि पाऊस यायचं. माझ्या स्कूटीचं चाक दोनदा मुरमात रुतलं. शेवटच्या घरापाशी पोचले तेव्हा मला फक्त पाणी हवं होतं.

त्या घरातली बाई मला तोंडओळखीनं माहीत होती. तिच्या दोन्ही मुली आमच्याच शाळेत शिकून लग्न होऊन गेल्या होत्या. वयानं ती माझ्याहून थोडी लहानच असेल, पण उसानं तिला आधीच म्हातारं करून टाकलं होतं. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला होता. तेव्हापासून ती भावाच्या टोळीबरोबर उसाच्या मोळ्या बांधायला जायची.

तिनं तांब्या दिला. मी ओसरीवर टेकले आणि समोर बघितलं. अंगणात कडब्याची गंजी होती. तिच्यावर एक मोठी ताडपत्री टाकून कडेनं दगड बांधलेले होते. आणि त्या ताडपत्रीभर हात होते. नमस्कार करणारे हात. जोडलेले, गोरे, सावळे, अंगठ्या घातलेले, मनगटावर घड्याळ असलेले, भगवा दोरा बांधलेले, पांढऱ्या बाहीतले. एकाला लागून एक, ओळीनं, शेकडो. नुसते हात. वर चेहरा नाही, खाली माणूस नाही.

मी उठून जवळ गेले. फ्लेक्सचे तुकडे होते. एकेक हात कोयत्यानं चौकोनी कापून, दाभणानं, खताच्या पोत्याचा दोरा वापरून शिवलेला. शिवण अशी सरळ, की मी मुलांना पट्टी देऊनही तशी रेघ काढून घेऊ शकले नसते.

“मावशी, हे कुणी केलं?”

“म्याच. कावून?”

“हातच का सगळे?”

ती जरा हसली. पदरानं तोंड पुसलं. “कोपीवर टाकायला केलतं बाई, फडावर झोपडी घालतो तिच्यावर. नारायणगडाची जत्रा झाली की कमानीवरची बॅनरं काढत्यात, मग इलेक्शनची, वाढदिवसाची. कुणी न्हेलं तरी कुणी बोलत न्हाई. पैल्या साली तशीच आख्खी टाकली. पर वर बघितलं की तोंडंच तोंडं. हसत्यात आपली. कोपीत आंग धुवायचं, लुगडं बदलायचं, आन ही माणसं वरून बघत्यात. मला लई लाज वाटायची. मालक म्हनायचे, आगं कागुद हाय त्यो. म्हनलं कागुद आसंल, डोळं तर हायेत.”

“मग?”

“मग तोंडं कापली. हात ऱ्हाऊ दिले. हाताचं काय, हात कुनाचंबी आसत्यात.”

“आणि कापलेली तोंडं?”

“ती खाली आंथरली. पालथी. वल येत न्हाई मग वरती.”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी पोटातून हसले. तीही हसली. मग मी फोटो काढू का विचारलं, ती म्हणाली काढा की, त्यात काय. मी सात-आठ फोटो काढले. घरात शाळेत जायच्या वयाचं कुणी नव्हतं, ते लिहून घेतलं, आणि घरी आले.

तो फोटो पानावर टाकला आणि दोन दिवसांत इतका फिरला, की मला भीती वाटली. कुणीतरी त्याखाली लिहिलं की हा देशाचा खरा चेहरा आहे. कुणी लिहिलं, ही शिवी आहे. कुणी विचारलं, विकत मिळेल का. मी फोन पालथा ठेवला आणि भाकरी टाकायला गेले.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. ती प्रदर्शनं भरवते, असं म्हणाली. लोक आपल्या गरजेपुरतं, कुणाला दाखवायला म्हणून नाही, असं काय काय बनवतात, त्याचं एक प्रदर्शन ती मांडत होती. तिला ती ताडपत्री हवी होती. महिनाभरासाठी. बोलणं अगदी नम्र. दर वाक्याला मला मॅडम म्हणत होती. मी इतकी वर्षं शाळेत होते, माझ्या विषयाबद्दल माझ्याशी इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणून टाकलं. ताडपत्री माझी नव्हती, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

श्रावणात ती मुलगी गाडी करून आली. चिखलात उतरली तेव्हा तिचे पांढरे बूट घोट्यापर्यंत भरले, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही, हे मला आवडलं. मावशीनं तिला गूळ-शेंगदाणे दिले. मुलीनं सगळं समजावून सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“आन मंग कडब्यावर काय टाकू? पाऊस चालू हाय.”

मुलगी त्याच दिवशी माजलगावला जाऊन नवी कोरी निळी ताडपत्री घेऊन आली. मावशीनं ती बोटांत चोळून बघितली, उन्हाकडे धरून बघितली. “ही दोन साल टिकंल,” म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, दिवाळी झाली की आमी जातो. त्याच्या आत मिळंल ना? तुमी सांगा.”

“मिळेल. मी आहे ना,” मी म्हणाले.

आम्ही तिघींनी ती गंजीवरून काढली. घडी घालताना मधल्या एका जागी माझ्या हाताला जाड लागलं. तिथं हात नव्हते. नुसता आकाशी रंगाचा, वहीच्या पानाएवढा तुकडा होता, आणि तो दुहेरी होता, चारी बाजूंनी शिवून बंद केलेला. आत काहीतरी घडी घातलेलं होतं.

“इथं काय आहे मावशी?”

“थिगळ हाय. गळत व्हतं तितं.” ती लगेच दुसरं टोक उचलायला गेली.

मला कळलं की ते थिगळ नाही. मुलं वही मागे लपवतात तेव्हा जसं कळतं तसं कळलं. मी तिला पुन्हा विचारलं नाही. तेवढं शहाणपण मला होतं. पण गाडी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी शाळेत बसल्या बसल्या मी त्या मुलीला मेसेज केला. मधल्या निळ्या तुकड्याच्या आत काहीतरी आहे, बघा, असं लिहिलं. का लिहिलं? तिला माझं निरीक्षण दिसावं म्हणून. मला वाटलं, कळावं तिला, की खेड्यातल्या बाईलाही नजर असते. तिचं उत्तर आलं, ‘वा मॅडम, काय बारीक बघता तुम्ही.’ मी ते दिवसभर चारदा वाचलं.

प्रदर्शन सुरू झाल्यावर तिनं आम्हा दोघींना बोलावलं. मला रजा मिळायला चार अर्ज लागले. मावशी कधी पुण्याला गेली नव्हती. कारखान्यांच्या फडांवर पुण्याच्या पलीकडे सुद्धा जाऊन आली होती, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसारावर बसून. शहरात उतरली नव्हती कधी. तिनं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि एका पिशवीत त्या मुलीसाठी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या.

बीडला गाडी बदलली. कडा गावाच्या पुढे गाडी आली तेव्हा ती खिडकीतून बोट दाखवत म्हणाली, “हितं आमी एक साल व्हतो. मालक व्हते तवा. त्या बांधाच्या पलीकडं कोपी व्हती.” बांधापलीकडे आता मंगल कार्यालय होतं आणि त्याच्या दारात फायबरचे दोन हत्ती. मी एरवी अशा हत्तींचे फोटो काढते. तेव्हा अंगात त्राण नव्हतं. पाठ दुखत होती, आणि खिडकीची काच एकसारखी खडखडत होती. तिनं आपली पिशवी माझ्या पाठीमागे सरकवली आणि म्हणाली, “टेका.”

कलादालन थंड होतं आणि स्वच्छ होतं. दारातच मावशीनं चपला काढल्या. मी म्हटलं, असू द्या, लोक घालूनच जातायत. तिनं ऐकलं नाही. कडेला नीट जोडीनं लावून ठेवल्या आणि अनवाणी आत आली.

आत बऱ्याच वस्तू होत्या. सायकलच्या चाकाचं केलेलं फाटक, टायरचा पाळणा, प्लास्टिकच्या खुर्चीचा तुटलेला पाय लाकडानं बसवलेला. प्रत्येकाजवळ छोटी पाटी. मावशी त्या खुर्चीपाशी थांबली. “बरी बसवली,” म्हणाली. मग आम्ही मोठ्या दालनात वळलो.

समोरच्या भिंतीवर ताडपत्री होती. भिंतभर. दिव्यांच्या उजेडात. ती धुतलेली होती, चुलीच्या धुरानं आलेला काळसर पिवळेपणा गेला होता, आणि ते सगळे हात नुकतेच छापल्यासारखे चकाकत होते. आणि मधोमध एक चेहरा होता.

निळ्या तुकड्याची तीन बाजूंची शिवण उसवली होती. आतलं बाहेर काढून, सपाट करून, बारीक टाचण्यांनी लावलं होतं. एका माणसाचा फोटो. घाबरलेला चेहरा, आधार कार्डावर असतो तसा, डोळे मोठे झालेले. आणि मानेखाली काळा कोट, लाल टाय. मागे बर्फाचे डोंगर. खाली अर्धवट कापलेली अक्षरं, ‘भावपूर्ण श्र’.

मी त्या माणसाला जिवंतपणी दोनदा पाहिलं होतं, मुलीच्या दाखल्यासाठी आला होता तेव्हा. दोन्ही वेळा त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि शर्टाला वरची दोन बटणं नव्हती.

आमच्या पुढे दोन मुलं उभी होती. एकानं दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसली. वाईट हसू नव्हतं ते. त्या कोटाला कुणीही हसलं असतं. मी बैलाच्या गॉगलला हसले होते तसंच.

मी मावशीकडे बघायचं टाळलं. मग ती हळू म्हणाली, “हे कुनी उसवलं?”

तेवढ्यात ती मुलगी लगबगीनं आली, मावशीला वाकून नमस्कार केला. ती खूश होती. “मावशी, हे बघून आम्ही सगळे थक्क झालो. सगळे हात यांच्यासाठीच जोडलेत, हो ना? लोक इथंच सगळ्यात जास्त वेळ थांबतात. हे कोण आहेत?”

“आमचे मालक हायेत.”

मुलीचा चेहरा उतरला.

मावशी भिंतीकडे बघत बोलत राहिली. आवाज चढला नाही. “त्ये गेल्यावर गावातल्या पोरायनी बॅनर लावलं चौकात. ह्यांचा फोटू न्हवताच. कदी काढू दिला न्हाई. मंग आधारचा न्हेला. बॅनरवाल्यानं कोट घातला, टाय घातली. मला काय म्हाईत? मी चौकात गेले आन लोक बघू लागले. एक जन म्हनला, मेल्यावर साहेब झाला बे. दहावं झालं, बॅनर काढून घरी आनून दिलं. काय करावं त्याचं? कापडं जाळली, आंथरूण जाळलं. फोटू कसा जाळावा? जिता मानूस दिसतो त्यात. ह्ये जळतबी न्हाई चांगलं, वास मारतं. पान्यात टाकावं तर जनावराच्या पोटात जातं.” ती थांबली. “मंग घडी घातली आन शिवून टाकलं. कोपीत वर आसत्यात, बरं वाटतं. पर कुनाला दिसू न्हाई. त्यायला आवडलं नसतं, ह्या कोटात.”

मुलगी रडायला लागली होती. “मावशी, माझं चुकलं. आम्हाला वाटलं...” तिनं माझ्याकडे बघितलं. तिला काय वाटलं होतं ते मला माहीत होतं. मीच सांगितलं होतं तसं वाटायला. तिनं माझं नाव घेतलं नाही. तिनं घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“दाभण हाय का?” मावशीनं विचारलं.

दाभण नव्हतं. कात्र्या होत्या, चिकटपट्ट्या होत्या, बोर्डावर टोचायच्या पिना होत्या. शेवटी दारावरचा रखवालदार जवळच्या चप्पल शिवणाऱ्याकडे गेला आणि त्याच्याकडून सुई आणि मेणाचा दोरा घेऊन आला. तोवर दोन माणसांनी शिडी लावून ताडपत्री उतरवली. मावशी त्या चकचकीत फरशीवर मांडी घालून बसली, ताडपत्री गुडघ्यावर ओढली. आधी टाचण्या काढल्या, एकेक करून शेजारी बसलेल्या माझ्या ओंजळीत दिल्या. मग त्या चेहऱ्यावरून एकदा हाताचा तळवा फिरवला, धूळ झाडावी तसा. आणि घडी घातली. कोट आत गेला, डोंगर आत गेले, डोळे शेवटी गेले. निळं वर ओढून तिनं शिवायला सुरुवात केली.

आजूबाजूला लोक जमले. कुणाला तरी वाटलं, हा प्रदर्शनाचाच भाग आहे. फोन वर झाले. एक बाई दुसरीला कुजबुजून सांगत होती, कलाकार स्वतः आलीय. मी टाचण्या खाली ठेवल्या आणि उठून त्यांच्यापुढे उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी. “कृपा करून फोटो काढू नका,” म्हणाले. पुन्हा म्हणाले. काहींनी फोन खाली केले, काहींनी नाही. मी दोन्ही हातांनी पदर पसरून तिच्या आणि त्यांच्या मध्ये थांबले. आयुष्यभर मुलांना फळ्याकडे बघायला सांगितलं, आणि आता हे. मला तेव्हा इतका थकवा आला, की तिथंच तिच्या शेजारी आडवं व्हावंसं वाटलं.

एक तरुण मुलगा नम्रपणे वाकला आणि तिला विचारलं, “मावशी, हा निषेध आहे का?”

तिनं दोरा दातानं तोडला. “न्हाई बाबा. ताडपत्री हाय.”

शिवून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, “मी आजच बांधून देते. तुमच्याबरोबर घेऊन जा.” मलाही तेच हवं होतं. घडी करावी, काखेत मारावी, आणि त्या थंड जागेतून निघावं. मी तसं बोललेही.

मावशीनं शिडीकडे बघितलं, रिकाम्या भिंतीकडे बघितलं. “किती दिस हाय आजून ह्ये?”

“दहा दिवस, मावशी.”

“मंग ऱ्हाऊ दे. म्हैनाभर म्हनून दिलंय म्या. पर पुन्यांदा उसवू नगा. आन ही हाताची बाजू भितीकडं करा, कोपीवर आसती तशी, शिवण भायेर येती. पानी शिवणीवरून वघळतं, आत येत न्हाई.”

त्यांनी तिच्या सांगण्याप्रमाणे ताडपत्री उलटी करून लावली. तशी ती दिसायला जरा ओबडधोबड झाली. पांढऱ्या बाजूवर दोऱ्याच्या नुसत्या रेघा. हात पलीकडे गेले, भिंतीकडे. मावशी दोन पावलं मागे सरकून बघत म्हणाली, “आता बरुबर हाय.” मग पिशवीतल्या शेंगा मुलीच्या हातात दिल्या आणि चपला घालायला गेली.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. नगर मागे टाकलं तेव्हा मला राहवेना. “मावशी, आत काहीतरी आहे असं मीच तिला कळवलं होतं.”

ती खिडकीकडे बघत होती. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाली, “मला वाटलंच व्हतं.”

“कधी?”

“तुमी ईचारलं, आन पुन्यांदा ईचारलं न्हाई. तवाच.”

“मग तेव्हाच काढून का घेतलं नाही?”

“काय करू काढून? कुटं ठिवू?” ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा बोलली. “मला पुन्यांदा ईचारलं आस्तं तर म्या सांगितलं आस्तं, बाई. त्या पोरीला न्हाई, तुमाला. दोन साल झालं, कुनी त्यांचं ईचारत न्हाई.”

मग मी विचारलं. उशिरा, पण विचारलं. कसे होते, काय आवडायचं. तिनं सांगितलं. त्याला पोहायला यायचं नाही आणि तरी दर उन्हाळ्यात विहिरीत उतरायचा. जेवताना बोललेलं आवडायचं नाही. एकदा कारखान्याच्या गव्हाणीपाशी ऊस उतरवायचा नंबर लागेपर्यंत दोन दिवस गाडीवर बसून त्यानं उसाच्या पाचटाचा घोडा केला होता, शेपटीसकट, आणि मुकादमाच्या पोरीला देऊन टाकला होता. “लई हुशार हात व्हता,” ती म्हणाली. बोलता बोलता तिचा डोळा लागला. माझा लागला नाही.

दिवाळीच्या आधी ताडपत्री आली. मुलीनं शब्द पाळला. पण आली ती एका लाकडी खोक्यात, आत स्पंजचे जाड थर, वर ‘काळजीपूर्वक हाताळा’ अशी चिठ्ठी. टेम्पोवाल्यानं ते माझ्या शाळेत उतरवलं. मुख्याध्यापकांना वाटलं, संगणक आला. सोबत मुलीनं एक पत्र पाठवलं होतं, हातानं लिहिलेलं, मावशीच्या नावानं. मी ते मावशीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनंच वाचायला सांगितलं. मग तिनं ते घेऊन पोलक्यात ठेवलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिची टोळी निघाली. मी शाळेत जायच्या आधी गेले. दोन ट्रॉल्या भरत होत्या. हंडे, गाद्या, चुलीचे पत्रे, बकऱ्या. तिच्या भावानं ती ताडपत्री घडी करून सगळ्यात वर बांधली होती, पाऊस आला तर पटकन काढता यावी म्हणून. खोक्यात तिनं कोंबड्या घातल्या होत्या, तीन, जाळी लावून, शेजारणीकडे ठेवायला. स्पंजची तिनं बसायला गादी केली होती. बसून बघा म्हणाली, मी बसून बघितलं.

“बाई, तुमी लई वाळल्या,” ती ट्रॉलीवर चढताना म्हणाली. “टायमाला खात जा.”

“जाते. तुम्ही जपून.”

“आमचं काय. पाडव्याला येतो.”

ट्रॅक्टर सुरू झाला. तो वळणापर्यंत दिसत होता, मग नुसती धूळ. शेजारीण खोकं फरफटत आपल्या दाराकडे नेत होती, आत कोंबड्या ओरडत होत्या. मी खोक्याला एका बाजूनं हात लावला. घड्याळ बघितलं. हजेरीचा फोटो दहाच्या आत पाठवायचा होता, आणि स्कूटी पुन्हा मुरमातून काढायची होती.